मुका झोका

वहिनीनं माळ्यावरून झोक्याची फळी खाली काढली, तेव्हा मी पेढ्यांचा पुडा हातात तसाच धरून ओट्यावर उभी होते. फळीवर बोटभर धूळ होती. ओल्या फडक्यानं पुसली तसं खालचं लाकूड दिसायला लागलं, मधोमध गुळगुळीत आणि दोन्ही टोकांना दोराच्या खाचा. बाभळीचं लाकूड, आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः तासलेलं. इतक्या वर्षांनी ते बघून मला आनंद व्हायला हवा होता. तो काही झाला नाही. कारण फळी मागितली होती ती फुईनं.

फुई म्हणजे आबांची धाकटी बहीण. आम्ही खानदेशी माणसं आत्याला फुई म्हणतो. बाकीचं सगळं गाव तिला जिजी म्हणतं. वय त्र्याऐंशी, कंबरेत वाकलेली, पण जीभ अजून ताठ. ही बाई अठ्ठेचाळीस वर्षं झोक्यावर बसली नव्हती. माझ्यावर रुसली म्हणून बसत नाही, असं मी धरून चालले होते आणि त्याच रागात मीही निम्मं आयुष्य तिच्याशी धड बोलले नव्हते. आमच्या घरात नाकावर राग असायची चालच आहे.

"जिजी, खरंच बसणार का तुम्ही?" वहिनीनं विचारलं. ती अमळनेरची, शाळेत शिकवायची, तिचं बोलणं शहरी.

"मंग काय खोटं बसू? निंबना फांदीले बांधा. अन् सुती दोर लावा, तो निळा प्लॅस्टिकना नको."

वहिनी माझ्याकडे बघायला लागली. मी तरी काय सांगणार? सकाळच्या एसटीनं भुसावळहून आले होते, आखाजीला माहेरी. आल्या आल्या पेढे वाटले, पुण्याला लेकीला मुलगी झाली म्हणून. फुईनं पेढा तोंडात न घालता मुठीत धरला आणि विचारलं, "म्हंजे तू आजी व्हयनी?"

"झाले की."

"खरी आजी? तुन्हा पोटनी पोरनी पोर?"

"हो गं बाई, खरी आजी. आता काय दाखला आणून देऊ?"

तिनं पेढा देवापुढे ठेवला, पाय धुवायला तांब्याभर पाणी मागितलं आणि मग फळी मागितली. गेली तीन-चार वर्षं वहिनीच्या फोनवर मागून तिचा आवाज यायचा, "तिनी लेकनं काही शे का, इचार." मी चिडायचे. माझ्याशी नीट बोलायचं नाही आणि माझ्या लेकीच्या पोटाची एवढी चौकशी कशाला, असं मला वाटायचं.

आमचं गाव पांझरेच्या काठचं. धुळ्याहून अमळनेरकडे जाताना लागतं, पण एसटी झोपेत असली तर थांबत नाही. वैशाखात नदीला पाणी नसायचं, नुसती वाळू. त्या वाळूत डांगरवाड्या. शहरात ज्याला खरबूज म्हणतात ते आमचं डांगर. आखाजीच्या आठवडाभर आधी घरोघरी डांगरं यायची आणि मग घराला जो वास लागायचा, तो मला अजून कधी कधी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये भर पावसाळ्यात येतो. त्याला काही कारण नसतं. पिकल्या डांगराचा, तळणाऱ्या सांजोऱ्यांचा, नव्या मातीच्या घागरीत पहिल्यांदा पाणी ओतल्यावर सुटतो त्या मातीचा, असा तो एकत्र वास. आणि त्यात चुलीतल्या निखाऱ्यांवर पडलेलं तूप.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. पण पंचांगातली अक्षय तृतीया वेगळी आणि आमची आखाजी वेगळी. आमच्याकडे त्या दिवशी दोन पाहुणे येतात. एक म्हणजे सासरी गेलेल्या लेकी. भाऊ मुराळी होऊन त्यांना आणायला जातो, आणि त्या आल्या की गावातल्या प्रत्येक निंबाला झोका लागतो. खापरावरच्या पुरणपोळ्या, आंब्याचा रस, दुपारभर गाणी. दुसरे पाहुणे म्हणजे पितर. त्यांच्यासाठी नवी घागर भरायची, तिच्यावर लोटकं, म्हणजे छोटं मडकं, लोटक्यावर डांगर, दोन आंबे, दोन सांजोऱ्या. निखाऱ्यांवर घास टाकायचा, त्याला आगारी म्हणतात. आम्हा पोरींना हे दोन सण एकाच दिवशी चुकून पडलेले वाटायचे. घरात मोठी माणसं गंभीर चेहऱ्यानं घास टाकतायत आणि बाहेर बाया झोक्यावर खिदळतायत. त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं कधी डोक्यात आलंच नाही.

सकाळी उंबरठ्याची पूजा फुईच्या हातची. ती साक्रीकडे दिलेली, डोंगराच्या पायथ्याला. कोरडवाहू शेती, उन्हाळ्यात दोन कोसांवरून पाणी. तिथून ती यायची ती एक पिशवी मोहाच्या फुलांची आणि एक पिशवी चारोळीची घेऊन. पिशव्या खाली ठेवायच्या आधी मला कवेत घ्यायची आणि माझ्या डोक्याचा वास घ्यायची. खरंच वास घ्यायची, नाक खुपसून. मग दुसऱ्या दिवशी उंबरठ्यावर कुंकवाची बोटं. एकेका पितराचं नाव घ्यायचं आणि एकेक बोट उमटवायचं. पणजोबा, पणजी, आजोबा, मोठे काका. मी शेजारी ताट धरून बसायचे. सगळ्यांची नावं घेऊन झाली, की अगदी शेवटी कोपऱ्यात ती करंगळीनं एक बारीक ठिपका लावायची. नाव न घेता.

"हा कोणाचा गं, फुई?"

"असाच."

आणि ती ताट माझ्या हातातून घेऊन उठायची. मी पुन्हा विचारलं नाही. मला बाहेरचा झोका दिसत असायचा.

झोका आमच्या दारातल्या निंबाला. फळीवर एकजण बसायची, दोघी मागून ढकलायच्या आणि बाकीच्या ओट्यावर बसून गायच्या. एका झोक्याला एक ओळ. गाणी पुष्कळ होती, पण आमच्या गल्लीचं खास एक होतं, ते शेवटी म्हणायचं. त्यात दारात एक पाहुणा येतो, आणि दर कडव्यात तो झोक्यावरच्या बाईचा भाऊ निघतो.

घागर ठेव उंबराशी, डांगर ठेव वर,
कोन ऊना व पाव्हना, काबर उभा दारवर?
पानी टाकं पायवर, पाय कोरडाच ऱ्हायना,
सोनीना भाऊ ऊना व माय, सोनीना भाऊ ऊना.

सोनीच्या जागी शकू, शकूच्या जागी विमल, जी बसली असेल तिचं नाव. पुढे वहिनीला सांगायचं, की

आंबा ठेव सगळाच, सुरी नको लावू,
वास लिसनी जाई व, वाटवरना भाऊ.

काय हसायचो आम्ही! असला कसला गं हा भाऊ? पायावर पाणी ओतलं तरी पाय कोरडे. घरात ये म्हटलं तरी येत नाही, उंबरठ्यावरच उभा. आंबा कापून देत नाहीत, आणि हा शहाणा नुसता वास घेऊन चालला. शेजारची शकू म्हणायची, दारू पिऊन आला असेल, म्हणून आत घेत नसतील. आम्ही पोरी त्या पाहुण्याची नक्कल करायचो. दारात उभं राहायचं, डोळे मिटायचे, हवेतला वास घ्यायचा आणि काही न बोलता निघून जायचं. ओट्यावरच्या बायाही हसायच्या. पण फुई हसायची नाही, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

सगळ्यांचे भाऊ येऊन गेले, की शेवटच्या कडव्याच्या आधी एक झोका मुका असायचा. म्हणजे ढकलायचं, पण गायचं नाही. ओट्यावरच्या बायका एकदम गप्प. नुसता दोर फांदीवर करकरायचा. झोका पुढे जायचा, मागे यायचा, एवढंच. त्या एका झोक्यापुरती फळीवरची बाई थोडी बाजूला सरकून बसायची. मला वाटायचं, बसून बसून पाय अवघडत असेल. मग लगेच शेवटचं कडवं.

दिन बुडना, पाव्हना गया, मांगे वळना नही,
रिकामा झोका हाली ऱ्हायना, कोनी बठेल नही.

"मध्ये गप्प का बसायचं?" मी आईला विचारलं होतं.

"तवय बोलू नही."

"पण का?"

"बोलू नही म्हंजे बोलू नही."

झालं उत्तर. आमच्याकडे अर्ध्या गोष्टी अशाच शिकवल्या. हे करू नही, ते करू नही, आणि का म्हणून विचारलं की पाठीत धपाटा.

मी नऊ वर्षांची होते त्या आखाजीला बायांनी मला पहिल्यांदा ओट्यावर गायला बसवलं. माझा आवाज खणखणीत. शाळेत प्रार्थना मी सांगायचे, त्याचा काय तोरा होता मला! त्या दुपारी फुई झोक्यावर होती. हिरवं लुगडं, कपाळावर घाम, डोळे अर्धे मिटलेले. झळा चालू होत्या, निंबाखाली तेवढं गार. भावांची कडवी झाली. मुका झोका आला. बायका गप्प झाल्या आणि फुई फळीवर डावीकडे सरकली. मला काय वाटलं कोण जाणे. इतकी सुंदर जागा, इतका लांब झोका आणि कोणीच काही गात नाही. कोणीतरी फार पूर्वी ओळ विसरलं असेल आणि तेव्हापासून सगळ्या मूर्खासारख्या गप्प बसत असतील, असंच मी ठरवून टाकलं. ओळ मलाच सुचली. त्या पाहुण्याच्या चालीवर मी माझं स्वतःचं नाव घातलं. आधी नाव, मग दारात मी आले गं माय, मी आले. पार चढ्या आवाजात.

दोर करकरला. फुईनं चालत्या झोक्यावरून उडी टाकली. फळी मागे जाऊन परत आली आणि तिच्या पाठीत बसली, तरी तिचं लक्ष नव्हतं. तिनं येऊन माझ्या थोबाडीत मारली. तिनं मला त्याआधी कधी बोटही लावलं नव्हतं. मग दंडाला धरून ओढत दारात नेलं, पितरांच्या घागरीतलं पाणी ओंजळीत घेऊन माझं तोंड धुतलं, तीनदा. सगळ्यांसमोर माझा असा पाणउतारा झाला. रडायचं नाही म्हणून मी दात आवळून उभी होते, आणि माझ्या फ्रॉकवर ते घागरीचं गार पाणी ओघळत होतं.

त्याच संध्याकाळी मला ताप भरला. ऊन लागलं म्हणाले. ते चार-पाच दिवस मला तुकड्यातुकड्यानं आठवतात. तळपायाला चोळलेला कांदा. कैरीचं पन्हं. आई पदर तोंडाला लावून उभी. आबा अमळनेरच्या डॉक्टरला आणायला गेलेले. आणि फुईचा आवाज. ती उंबरठ्याशी बसून कोणाशी तरी हुज्जत घालत होती, बाजारात भाव करावा तशी. "हाई नही. हाई पोर नही. दुसरं काय बी माग." दारात तर कोणीच दिसत नव्हतं. मला वाटलं, तापात काहीबाही ऐकू येतंय.

ताप उतरला. फुई साक्रीला गेली. पुढच्या आखाजीला आली तेव्हा पिशव्या खाली ठेवून तिनं मला लांबूनच बघितलं, कवेत घेतलं नाही. झोक्यावरही बसली नाही. बाया म्हणाल्या, जिजी, बस ना. ती म्हणाली, चक्कर येते. त्यानंतर दर वर्षी चक्कर. ती ढकलायची नाही, गायची नाही, मागच्या अंगणात डांगरं चिरत बसायची. करंगळीचा ठिपका मात्र दर वर्षी लागायचा. गल्लीत बोभाटा झाला, भाचीवर रुसली. मीही म्हटलं, रुसली तर रुसली. मला तरी कुठे गरज पडलीये?

गरज पडली. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला. आमच्याकडे नव्या सासुरवाशिणीला पहिल्या झोक्यावर फुई बसवते, आधी स्वतः बसते, पाच झोके घेते आणि मग तिला जागा देते. शकुन असतो तो. मी नवी साडी नेसून निंबाखाली उभी. सगळी गल्ली जमलेली. फुई मागच्या अंगणातून आलीच नाही. मी स्वतः गेले बोलवायला. तिच्या हातात सुरी, मांडीवर अर्धं चिरलेलं डांगर, बियांवर माशा.

"फुई, माझा पहिला झोका आहे."

"चुलतीले सांग."

"मला तू हवी आहेस."

तिनं मान वर केली नाही. "माले नको सांगू व माय. मी बसाव नही."

त्यानंतर माझी तिच्याशी बोलाचाली फक्त कामापुरती राहिली. ती विधवा झाली, साक्रीहून कायमची माहेरी आली, माझ्या भावानं आणि वहिनीनं तिला सांभाळलं. मी यायचे, पाया पडायचे, साडी द्यायचे. बस. भुसावळच्या कॉलनीत शेजारणींच्या फुया येऊन राहायच्या, शेजारणी त्यांचे पाय चेपायच्या, तेव्हा आत काहीतरी ओढल्यासारखं व्हायचं. फार ओढायचं. ते मी कोणाला सांगितलं नाही.

त्या गाण्यातला पाहुणा कोण, ते मला आबा गेल्यावर कळलं. त्या वर्षीच्या आखाजीला भावाला बरं नव्हतं, म्हणून आबांची घागर मीच भरायला बसले. दारात, उंबरठ्याशी घागर टेकवली. लोटकं ठेवलं. त्यावर डांगर. वहिनी आंबे घेऊन आली आणि सुरी शोधायला लागली, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "सगळाच ठेव, सुरी नको लावू." बोलले आणि हात थांबला. हे मी कुठे ऐकलंय? मग पायावर पाणी. उंबरठ्याबाहेर, जिथे कोणी उभं नव्हतं तिथे पाणी ओतायचं असतं, ते मी ओतलं आणि ओट्याची फरशी उन्हात तापलेली, ती बघता बघता कोरडी झाली. माझे ओठ आपोआप हलत होते. सगळं गाणंच माझ्या हातांनी क्रमानं चाललं होतं. घरात न येणारा, आंब्याचा नुसता वास घेणारा, तिन्हीसांजेला मागे न बघता जाणारा तो वाटेवरचा भाऊ. आम्ही ज्याची नक्कल करायचो तो. लेकी झोक्यावर बसून हसत होत्या आणि हसता हसता गेलेल्या भावांना, बापांना दारात बोलावत होत्या. कोणी आम्हाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर आम्ही घाबरून गायलोच नसतो.

आबा दारात उभे आहेत, असं मला वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू? त्यांचा तंबाखूचा वास आला. मी तिथेच बसून पोटभर रडले. फुई आतून बघत होती. ती आली आणि जरा लांब बसली. तेव्हा विचारायला हवं होतं, की मुका झोका मग कोणाचा. पण मी माझ्या रागाला घट्ट धरून होते. विचारलं नाही.

आज मात्र फळी माझ्या हातात होती आणि निंबावर दोर चढला होता. रस्ता रुंद केला तेव्हा निंबाच्या दोन फांद्या गेल्या, तिसरी उरली आहे. तिच्यावर जुन्या दोराचे वळ अजून आहेत. शेजारून टमटम जाते, समोरच्या घरात टीव्ही चालू असतो. कुठल्याच दुसऱ्या दारात झोका नव्हता. दुपार कलली होती आणि निंबोळ्यांचा कडू वास सुटला होता. वहिनीनं आणि मी फुईला दोन्ही काखांत धरून फळीशी आणलं.

"चक्कर नाही का येत आज?" माझ्या तोंडून टोचून निघालंच.

ती फळीला हात लावून उभी राहिली. मग म्हणाली, "चक्कर कधी येत नव्हती व. बोली व्हयेल व्हती."

"कसली बोली?"

"तू आजी व्हई तवलोंग मी झोक्यावर बसाव नही, अशी."

वहिनीनं आणि मी एकमेकींकडे बघितलं.

"मुका झोका गयेल माणसंसना ऱ्हास," फुई म्हणाली. "ज्याना त्याना माणूस येस, शेजारी बसस. म्हनून बोलू नही, म्हनून सरकी बसनं. तू त्या झोकामा तुन्हं नाव टाकं. जित्ती पोर, अन् गयेल माणसंसना झोकामा नाव! अन् सांजले तुले ताप." तिनं माझ्या दंडाला धरलं, अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी धरला होता त्याच दंडाला. "मी त्यासले सांगं, हाई पोर ठेवा. तिले म्हातारी व्हऊ द्या, नातवंडं देखू द्या. तवलोंग मी मन्हा झोका सोडा."

इतकंच? मला हसू आलं आणि रडूही आलं. "अगं फुई, झोकाच तर होता. एवढ्यासाठी सगळा जन्म…"

"झोका नही व." ती फळीकडे बघत होती. "मन्ही बारकी. चार वरीसनी व्हती. तुन्हा जन्मना आगोदर गयी. वरीसमा एक डाव, त्या मुका झोकामा, ती मन्हाजोडे बसे. मी तिलेच सांगं. बाई, तू आते येऊ नको. हाई पोरले जगू दे."

फुईला मूलबाळ नाही, हेच आम्ही ऐकत आलो होतो. तो करंगळीचा ठिपका. माझ्या डोक्याचा वास घेणारं तिचं नाक. आणि मी तिला काय काय बोलले होते, मनात आणि तोंडावर. मी तिच्या पायाशी वाकले तर तिनं मला ढकललं.

"ऊठ. दिन बुडी जाई. माले बसाड."

आम्ही तिला बसवलं. तिनं दोर घट्ट धरले, एकदा फांदीकडे बघितलं आणि खुदकन हसली. दात नसलेलं हसू. वहिनी ओट्यावर बसली, मी मागे उभी राहिले. पाठीला हात लावला तर लुगड्याखाली नुसती हाडं. पहिला झोका दिला आणि दोर करकरला. फुईनं सूर धरला. आवाज फाटलेला, पण चाल तीच, जराही न हललेली. घागर ठेव उंबराशी. मी साथ धरली. इतक्या वर्षांनी मला सगळं येत होतं. तिच्या कडव्यात तिनं स्वतःऐवजी आबांचं नाव घातलं, तिच्या भावाचं, आणि मी ती ओळ सोडली, तशी तिनं मोठ्यानं ती उचलली.

मग कडवी संपली.

वहिनी गप्प झाली. मी ओठ दाबले. रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली आणि पुन्हा शांत झालं. फुई फळीवर डावीकडे सरकली, हळूहळू, दोन्ही दोरांना धरून, आणि उजव्या बाजूला वीतभर जागा मोकळी झाली. चार वर्षांचं पोर मावेल एवढी. तिनं मोकळ्या जागेवर हात ठेवला. मी ढकलायला पुढे झाले, तर तिनं तोच हात उचलून मागे, माझ्याकडे, पंजा उघडून दाखवला.

हळू.

मी हळू ढकललं.